वाचक क्रमांक ३८४

पद्मजा शिरगुप्पे यांनी आपल्या अठ्ठाविसाव्या कादंबरीचं नववं प्रकरण मंगळवारी सकाळी मिरजेहून पुण्याला धाडलं, आणि बुधवारी दुपारचा चहा व्हायच्या आत पाचशे माणसांच्या हृदयांनी त्यावर आपला कौल दिला. ओढांक एक्क्याण्णव. आजवर त्यांच्या कुठल्याही प्रकरणाला एवढा मिळाला नव्हता. पारंबी प्रकाशनाच्या संपादक ऋजुता कानविंदे यांचा लगेच फोन आला. उरलेली तीन प्रकरणं याच गतीने उतरली तर दिवाळीला दुसरं कुठलंही पुस्तक या कादंबरीसमोर उभं राहायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

बासष्ट वर्षांच्या पद्मजाबाईंना आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. फोन ठेवून त्यांनी मेथी निवडायला घेतली आणि जुडी संपेपर्यंत एक्क्याण्णव हा आकडा त्यांच्या डोक्यातून गेलासुद्धा.

ओढांकाची ही पद्धत सात वर्षांपूर्वी सुरू झाली. 'स्पंद' नावाची वाचनपाटी बाजारात आली तेव्हा लोकांना ती नेहमीच्या वाचनयंत्रांसारखीच वाटली. शाळेतल्या पाटीएवढी, वजनाला तिच्याहून हलकी. फरक कडांना होता. धरताना अंगठे टेकतात तिथे दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्या बसवलेल्या होत्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अंगठ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि ओसरतं. पट्टीतला मंद हिरवा प्रकाश ते टिपायचा. त्वचेवर येणारा घाम डोळ्यांना दिसत नाही इतका थोडा असला तरी त्याने त्वचेतून वीज सोपेपणाने वाहते. तेही पट्टी मोजायची. आणि वरच्या कडेतला मोहरीएवढा कॅमेरा वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होताना पाहायचा.

माणूस वाचताना थरारला की नाडी पळते, बाहुल्या विस्फारतात, अंगठे ओलावतात. कुठल्या ओळीवर हे झालं, याची पाटी नोंद ठेवायची. पारंबीने पाचशे चाचणी-वाचक नेमले होते. लेखकाचं कच्चं प्रकरण त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या नोंदींची सरासरी काढून आलेख व्हायचा आणि आलेखावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा. तोच ओढांक. चाळिसाच्या खाली घसरलेला भाग कापायचा किंवा बदलायचा, असा दंडक होता. दोन-तीन वर्षांत सगळ्याच प्रकाशकांनी तो उचलला. प्रेमकथांना तर तो फारच मानवला.

पद्मजाबाईंनाही मानवला. त्याचं कारण त्यांच्या आधीच्या आयुष्यात होतं. विशीत त्या मिरज स्टेशनसमोरच्या एका एसटीडी बूथवर बसायच्या. काचेच्या खोक्यात शिरून मुलंमुली लांबच्या माणसांशी बोलायची. पद्मजाबाईंना बोलण्याची एकच बाजू ऐकू यायची, तीही तुटक. दुसरी बाजू त्या मनाने रचायच्या आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहीत उतरवायच्या. तिथून त्यांचं लिहिणं सुरू झालं. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल, ही त्यांची जन्माची उत्सुकता. पुस्तकं छापून येऊ लागली तेव्हा वाचकाच्या बाबतीतही तेच. पत्रं यायची, पण पत्र लिहिणारे किती? बाकीच्या हजारोंचं काय झालं, ते कळायला मार्ग नव्हता. 'स्पंद'ने तो मार्ग काढला. पहिला आलेख हातात आला त्या दिवशी त्यांनी तो तासभर न्याहाळला होता.

तोवर त्यांना एकच वाचक डोळ्यांसमोर मिळायचा, तो म्हणजे नवरा. बाहुबली शिरगुप्पे मिरजेतल्या एका इस्पितळात ईसीजी टेक्निशियन होते. सकाळची पाळी करून ते साडेतीनला घरी यायचे, हातपाय धुऊन चहा घ्यायचे आणि मग पद्मजाबाई त्यांना सकाळी लिहिलेलं वाचून दाखवायच्या. बाहुबली फार बोलायचे नाहीत. एखाद्या ठिकाणी "हं" म्हणायचे, कधी "पुन्हा वाच" म्हणायचे, आणि कधी सरळ सांगायचे की हा माणूस खोटा वाटतो. बत्तीस वर्षं असं चाललं. पाटी आली आणि ते बंद पडलं. कुणी ठरवून बंद केलं नाही. पाचशे माणसांचं उत्तर दुसऱ्या दिवशी येणारच असताना एकाला विचारण्याची गरज उरली नाही, इतकंच. बाहुबलींनीही कधी विषय काढला नाही. निवृत्त झाल्यापासून ते दुपारी नगरवाचनालयात पेपर वाचायला जाऊ लागले आणि पद्मजाबाई दुपारी आलेख पाहत बसू लागल्या.

त्या आठवड्याच्या शनिवारी पद्मजाबाईंचं सांगलीला शिबिर होतं. नवोदित लेखकांसाठी पारंबी ते दर तीन महिन्यांनी भरवायची. चाळीसेक माणसं यायची आणि पद्मजाबाई त्यांना आलेख पडद्यावर दाखवून धडे द्यायच्या. नायक-नायिकेची नजरानजर अकराव्या पानाच्या आत. पहिला स्पर्श चाळिसाव्या पानाआधी, तोही अपघाताने. स्वयंपाकाची वर्णनं अर्ध्या पानाहून जास्त नकोत. रुसवा दोन प्रकरणांपलीकडे ताणला की रेघ खाली येते. लोक भराभर लिहून घ्यायचे. हे सगळं खरं होतं, पाचशे जणांच्या नाडीवर तपासलेलं होतं, आणि पद्मजाबाई ते कळकळीने सांगायच्या.

शिबिरार्थींच्या कथाही आधी पाटीवर तपासून आणल्या जायच्या. त्यात हसीना शिकलगार यांची एक कथा होती. हसीनाबाई पंचेचाळिशीच्या, मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या घरातल्या. कथेत एक नवराबायको दिवसभर समोरासमोर बसून एका तंबोऱ्याची जवारी लावतात. जवारी म्हणजे तारेखालची घोडी घासून घासून असा सूर काढायचा की तार एकटी न वाजता तिच्या पोटातले सगळे सूर बोलले पाहिजेत. तो घासतो, ती तार छेडून ऐकते, मान हलवते, तो पुन्हा घासतो. संध्याकाळी सूर लागतो. कथा संपते. ओढांक एकोणीस. आलेख जमिनीला टेकल्यासारखा सपाट.

पद्मजाबाईंनी त्यांना समजावलं की बैठक छान आहे, पण वाचक कंटाळतो. मधली दहा पानं काढून टाका आणि दाराशी कुणीतरी तिसरं माणूस आणा. हसीनाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, नाडी तर माणूस कंटाळला तरी उतरते आणि निवांत झाला तरी उतरते. यातलं कुठलं झालं, ते या पाटीला कसं समजतं?"

पुण्याला विचारून सांगते, असं म्हणून पद्मजाबाईंनी वेळ निभावली.

त्यांनी खरंच विचारलं. ऋजुता हुशार आणि सरळ बाई होती. तिने काहीही लपवलं नाही. पाटीला ते समजत नाही, ती म्हणाली. सपाट रेघ म्हणजे कंटाळा, असं सुरुवातीला धरून चाललो आणि धंद्यात ते बरोबर ठरत गेलं, म्हणून पुन्हा कुणी तपासलं नाही. मग तिला आठवलं म्हणून तिने सांगितलं की चाचणी-वाचकांची यादी दरवर्षी झाडायची असते. ज्यांची रेघ कधीच हलत नाही अशांना वगळतात, कारण त्यांच्यामुळे सरासरी विनाकारण खाली येते. पद्मजाबाईंच्या पुस्तकांवरचे असे अकरा वाचक निघाले आहेत आणि लेखकाची संमती लागते. हवं तर त्यांच्या मूळ नोंदी पाहून घ्या. नावं नसतात, नुसते क्रमांक.

नोंदी आल्या. पद्मजाबाई सोमवारी दुपारी त्या घेऊन बसल्या. आजवर त्यांनी सरासरीचे आलेख पाहिले होते, एकेकट्या माणसाचा कधीच नाही. अकरांपैकी दहांचं चित्र ओळखीचं निघालं. चार-पाच पानं वाचायची, पाटी खाली ठेवायची, चार तासांनी उचलायची, अर्ध्यावर सोडायची. ही माणसं कंटाळलेली होती यात संशय नव्हता.

अकरावा होता वाचक क्रमांक ३८४. पाच वर्षांत त्याने एकही प्रकरण सोडलं नव्हतं. प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत, आणि बहुतेक प्रकरणं दोनदा. वेळ नेहमी दुपारची, अडीच ते चार. रेघ मात्र सपाट. विरहात सपाट, मीलनात सपाट, नवव्या प्रकरणातल्या पावसातल्या भेटीतही सपाट, जिथे बाकीच्या चारशे नव्व्याण्णव जणांची सरासरी आभाळाला भिडली होती.

असा कोण वाचत असेल, म्हणून पद्मजाबाईंनी त्याची नाडीची नोंद मोठी करून पाहिली. ठोक्यांचे उंचवटे ओळीने चालले होते. वीस-बावीस ठोक्यांनंतर एक उंचवटा जरा लवकर आला, त्याच्यामागे थोडी मोकळी जागा, आणि पुन्हा सगळं सुरळीत. आणखी विशेक ठोक्यांनी पुन्हा तसंच.

ही लय पद्मजाबाईंनी आधी पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाहुबलींनी त्यांना इस्पितळ दाखवायला नेलं होतं आणि गंमत म्हणून स्वतःचाच ईसीजी काढून कागदाची पट्टी हातात दिली होती. हा बघ, इथे एक ठोका घाई करतो आणि मग दम खातो, ते म्हणाले होते. काही रोग नाही, जन्माची खोड आहे. नव्या नवरीला ती पट्टी कुठल्याही प्रेमपत्रापेक्षा मोलाची वाटली होती.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. असा चुकार ठोका हजारो लोकांना असतो. त्यांनी तारखा पाहिल्या. मार्चमध्ये सलग बारा दिवस नोंद नव्हती; बाहुबलींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते हेच दिवस. डिसेंबरातले पाच दिवस रिकामे. तेव्हा दोघं श्रवणबेळगोळला गेली होती. आता शंका घ्यायला जागा राहिली नाही. नवरा पेपर वाचायला म्हणून वाचनालयात जात होता आणि तिथे बसून पाच वर्षं बायकोच्या कादंबऱ्या वाचत होता. घरात मागितल्या असत्या तर त्यांनी दिल्याच असत्या. त्याने मागितल्या नव्हत्या, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या अंगात डोकावल्यासारखं त्यांना वाटलं आणि त्यांनी नोंद मिटली. सव्वाचारला बाहुबली आले, चप्पल काढली, पिशवीतून वांगी काढून ओट्यावर ठेवली. पद्मजाबाईंनी काही विचारलं नाही. कसं विचारायचं ते त्यांना सुचेना. शिवाय मनात एक गोड समजूत तयार व्हायला लागली होती आणि ती त्यांना मोडायची नव्हती.

समजूत अशी की हसीनाबाईंचा प्रश्न बरोबर होता. नाडी निवांतपणानेही उतरते. जो माणूस पाच वर्षं एकही पान चुकवत नाही, दोन-दोनदा वाचतो, तो कंटाळलेला कसा असेल? तो निवांत असणार. बायकोच्या शब्दांत तो विसावत असणार. पाचशेंची हृदयं धडधडत असताना एकाचं शांत होत होतं, आणि यंत्राला ते प्रेम ओळखता आलं नाही. पद्मजाबाई आयुष्यभर प्रेमकथा लिहीत आल्या होत्या. असा प्रसंग त्यांना कधी सुचला नव्हता.

त्यांनी ऋजुताला कळवलं की दहांना वगळा, ३८४ राहू द्या. आणि दहावं प्रकरण त्या त्याच्यासाठी लिहू लागल्या.

कैक वर्षांनी त्यांना सकाळी सहाला टेबलाशी बसायची ओढ लागली. ठरल्याप्रमाणे दहाव्या प्रकरणात नायिकेच्या घरी नायकाचा जुना शत्रू यायचा होता. त्याला त्यांनी येऊच दिलं नाही. त्याऐवजी नायक-नायिका एका गावी एसटीची वाट पाहत बसली. एसटी आली नाही. दोघं शेंगा सोलत राहिली. अकराव्या प्रकरणात नायिकेने नायकाच्या सदऱ्याला बटणं लावली आणि त्याला चार पानं लागली. लिहिताना त्यांना सारखं दिसायचं की वाचनालयाच्या खिडकीशी बसून बाहुबली हे वाचताहेत आणि त्यांचं हृदय संथ चाललं आहे.

दहाव्याचा ओढांक आला बावन्न, अकराव्याचा चौतीस. ऋजुताने काळजीने विचारलं की तब्येत बरी आहे ना. पद्मजाबाई म्हणाल्या, झकास आहे. बारावं आणि शेवटचं प्रकरण त्यांनी आठ दिवसांत पुरं केलं. ओढांक एकोणतीस. ३८४ क्रमांकाची नोंद त्यांनी वेगळी मागवून पाहिली; त्याची रेघ मात्र होती तशीच होती, सपाट.

आता विचारायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं. रविवारी सकाळी दोघं मागच्या अंगणात बसली होती. बाहुबली हरभरे सोलत होते. पद्मजाबाईंनी मार्चपासूनच्या तारखा, ठोक्याची खोड, सगळं सांगून टाकलं. चोरी पकडल्यासारखा बाहुबलींचा चेहरा झाला, पण त्यांनी नाकारलं नाही. निवृत्त झाल्यावर वाचनालयात चाचणी-वाचक हवेत असा कागद लावलेला पाहिला आणि नाव दिलं, ते म्हणाले. पारंबीची पुस्तकं म्हणजे तुझीही येणार, हे माहीत होतं.

पद्मजाबाईंनी मग आपली समजूत बोलून दाखवली. पाटीला ते कंटाळलेले वाटत होते, पण आपल्याला खरं काय ते उमगलं आहे, असं त्यांनी हसत सांगितलं.

बाहुबलींनी हातातला हरभरा परातीत टाकला.

"पद्मा," ते म्हणाले, "मला कंटाळाच यायचा."

पद्मजाबाईंना वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा तसं नाही हे कळलं.

"मग दोन-दोनदा का वाचायचात?"

"पहिल्यांदा वाचताना झोप लागायची. अर्धवट वाचलं तर बरोबर दिसत नाही, म्हणून पुन्हा."

बाहुबली बोलत राहिले. एवढं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. पहिल्या तीस पानांत पुढचं सगळं कळतं, ते म्हणाले. कुठे हात लागणार, कुठे रुसणार, कुठे पाऊस येणार. आपल्या बायकोला याहून चांगलं येतं हे माहीत असलेल्या माणसाला त्यात जीव कसा रमवता येईल? तरी वाचायचो, कारण तू दिवसभर काय करतेस ते मला कळायला नको का.

आणि ही शेवटची तीन प्रकरणं, असं पद्मजाबाईंनी विचारलं. ती तर तुमच्यासाठी होती.

"ते दिसत होतं. आधी तू पाचशे जणांकडे बघून लिहायचीस. आता एकाकडे बघून लिहिलंस. त्या बटण लावणाऱ्या पोरीकडे कुणी बघितलंच नाही."

मग ते म्हणाले की चाळीस वर्षं मी आलेख काढले. माझ्या टेबलावर माणूस यायचा आणि त्याची नाडी एकशेदहा असायची. घाबरल्यामुळे असेल, तापामुळे असेल, किंवा लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून आला असेल. कागदावर तिन्ही सारखीच दिसतात. आम्ही कागद फाडायच्या आधी विचारायचो, बाबा, जिना चढून आलास का? तू सात वर्षं मला विचारलं नाहीस.

शेवटचं वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. त्यामुळेच पद्मजाबाईंना ते जास्त लागलं. त्या उठून आत गेल्या. पद्मजाबाईंनी बारा प्रकरणं पहिल्यापासून वाचायला घेतली, पाटीवर नाही, कागदावर. सातव्या प्रकरणात त्यांना जांभई आली. ती त्यांनी स्वतःपासून लपवली नाही.

सोमवारी त्यांनी ऋजुताला फोन करून सांगितलं की ही कादंबरी छापू नका. ऋजुताला आधी अर्थच लागेना. ती म्हणाली, फक्त शेवटची तीन प्रकरणं पडली आहेत, त्यावर उपाय आहे. पद्मजाबाईंच्या सत्तावीस कादंबऱ्यांवर शिकवलेली लेखनप्रणाली पारंबीकडे होती. ती दोन दिवसांत नव्वदच्या पुढची तीन प्रकरणं लिहून देईल, वाचकांना सांधा कळणारही नाही. फक्त होकार द्या. हजारो लोकांनी पुस्तकासाठी नावं नोंदवली आहेत, मुखपृष्ठ तयार आहे.

पद्मजाबाईंनी तिला विचारलं, तू स्वतः वाचलंस का? ऋजुता म्हणाली की कामाच्या धबडग्यात आलेख बघायलाच जेमतेम वेळ होतो. मग तिने मान्य केलं की लेखकाची इच्छा नसेल तर पुस्तक निघणार नाही, पण दिवाळीच्या यादीत पुन्हा जागा मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. पद्मजाबाई म्हणाल्या, ते समजून घेऊनच फोन केला आहे.

जागा खरंच गेली. दिवाळीला दुसऱ्या एका लेखिकेची कादंबरी आली आणि उत्तम खपली. पारंबीचं शिबिरही दुसऱ्या कुणीतरी घेतलं. पद्मजाबाईंना वाटलं होतं त्याहून त्याचं दुःख जास्त झालं. कित्येक सकाळी त्या सवयीने टेबलाशी बसायच्या आणि कागदावर एक ओळ उतरायची नाही. अकराव्या पानावरची नजरानजर हातात इतकी मुरली होती की पेन आपोआप तिकडे वळायचं. चार महिने असे गेले.

त्या चार महिन्यांत त्यांनी एक काम केलं. हसीनाबाईंच्या घरी जाऊन त्यांची कथा मागून घेतली, कापायला सांगितलेल्या पानांसकट. दोन दिवसांनी परत जाऊन त्यांनी आपलं मत सांगितलं. पहिली चार पानं खरंच कंटाळवाणी आहेत, ती काढा. पण मधली दहा काढा म्हणाले ते माझं चुकलं. नवरा घोडी घासत असताना बायकोच्या मनात चाललेलं मला एका जागी फार आवडलं आणि पुढे दोन पानं ते सुटलं आहे. हसीनाबाईंनी वाद घातला की पहिली चार पानं हवीतच, लाकूड कुठून आलं ते कळायला नको का. दोघींचं त्यावर एकमत झालं नाही, पण चहा दोनदा झाला.

पुढे हसीनाबाईंनीच गळ घातली म्हणून पद्मजाबाईंनी नगरवाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. पहिल्या वेळी नऊ जण आले. एका तरुण मुलीने वही उघडून विचारलं की चांगली प्रेमकथा लिहायला नेमकं काय करावं. पूर्वी या प्रश्नाला पद्मजाबाईंकडे पडदाभर उत्तर होतं. आता त्यांना जरा विचार करावा लागला.

"रोज बसा, हे तर आहेच," त्या म्हणाल्या. "आणि लिहून झालं की अशा एका माणसाला दाखवा, ज्याला तुमचा वाईटपणा घ्यायची भीती नाही. तो सांगेल ते सगळं ऐकायचं. त्यातलं सगळं करायचं मात्र नाही. आणि लिहीत असताना त्याच्याकडे बघायचं नाही."

मुलीने विचारलं, मग बघायचं कुणाकडे? पद्मजाबाई म्हणाल्या, गोष्टीतल्या माणसांकडे. हे बोलताना त्यांना स्वतःलाच कळलं की गेले चार महिने काय अडलं होतं.

त्या आठवड्यात त्यांनी एक नवी बाई कागदावर आणली. सुभद्रा, अठ्ठावन्न वर्षांची, वीस वर्षांपूर्वी नवरा गेलेला, पिठाची गिरणी एकटीने चालवणारी. गिरणीची मोटर दुरुस्त करायला येणारा दिनकर तिच्याहून चार वर्षांनी लहान. पंचावन्न पानं झाली तरी दोघांच्या बोलण्यात मोटर आणि पट्टा यांशिवाय विषय निघेना. पद्मजाबाईंनी घाई केली नाही. सगळं लिहून व्हायला चौदा महिने लागले, आणि त्यानंतरच त्यांनी कागदांचा गठ्ठा बाहुबलींपुढे ठेवला.

बाहुबलींनी तो तीन दिवसांत वाचला. चौथ्या दिवशी जेवताना घास हातात धरून ते म्हणाले, "ती हो म्हणणार नाही."

शेवटी दिनकर सुभद्रेला लग्नाचं विचारतो आणि ती हो म्हणते, असं पद्मजाबाईंनी लिहिलं होतं. बाहुबलींचं म्हणणं, वीस वर्षं जिने गिरणीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात दिल्या नाहीत ती बाई या वयात घरात माणूस आणणार नाही. ती त्याला मित्र म्हणून ठेवील. पद्मजाबाईंचं म्हणणं, तुम्ही किल्ल्या बघितल्या, पण तो येण्याच्या दिवशी ती बंद पडलेला पंखा का पुसते ते बघितलं नाही. वाद दोन दिवस चालला. भाजी आणायला जाताना चालला, देवळात जाताना चालला. बाहुबलींनी एकदा रागाने सांगितलं की तुला बायका कळत नाहीत, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन दोघंही हसली.

पद्मजाबाईंनी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचून पाहिलं. एका बाबतीत नवऱ्याचं बरोबर होतं. सुभद्रा गिरणीत, चार गिऱ्हाइकांसमोर, दिनकरने विचारल्याबरोबर हो म्हणणारी नव्हती. त्या दिवशी ती त्याला पट्टा नीट बसव एवढंच सांगेल. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून आपणहून त्याच्या घरी चालत जाईल आणि तिथे सांगेल. त्यांनी तसं लिहिलं. होकार मात्र बदलला नाही.

कोल्हापूरच्या एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढलं. ओढांक काढलाच नाही. प्रती थोड्या छापल्या होत्या, त्या हळूहळू गेल्या, आणि पद्मजाबाईंना कित्येक वर्षांनी पुन्हा पत्रं यायला लागली. निम्म्या वाचकांना सुभद्रेचा होकार पटला होता, निम्म्यांना मुळीच नाही, आणि दोन्ही पक्ष तावातावाने लिहीत होते. ऋजुतानेही एक पत्र पाठवलं. तिने स्वतः वाचलं होतं. ती न पटणाऱ्यांतली होती.

छापील प्रत घरी आली तेव्हा बाहुबलींनी ती पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बसले ते चारला उठले. चष्मा काढून त्यांनी पुस्तक मिटलं आणि पद्मजाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "झोप नाही लागली. पण ती हो म्हणायला नको होती."

"नका पटवून घेऊ," पद्मजाबाई म्हणाल्या.

बाहुबली स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दोघांसाठी चहा ठेवला. कप घेऊन आले, एक बायकोच्या हातात दिला आणि समोर बसून ती घोट घेईपर्यंत वाट पाहत राहिले. साखर फार झाली होती. पद्मजाबाईंनी त्यांना तसं सांगितलं.